शेगडी आत ठेवूनही थंडी जात नाही अन् सकाळी डोकं जड: गडबड कुठे आहे ते शोधा

डिसेंबर लागला की आमच्या विदर्भातल्या गावात हीच तक्रार दरवर्षी नव्यानं सुरू होते. दोन-दोन ब्लँकेट घेतले, शेगडीही आत ठेवली, तरी पहाटे कुडकुडत जाग येते, आणि उठल्यावर डोकं असं जड की चहा घेतला तरी उतरत नाही. मग कोणी म्हणते पित्त झालं, कोणी म्हणते सर्दी डोक्यात गेली, मेडिकलवरून गोळी येते अन् रात्री पुन्हा तीच शेगडी. आर्वीकडे जा, हिंगणघाटकडे जा, यवतमाळला सोयऱ्यांकडे जा, सगळीकडे हेच. ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिलं बरं करायला म्हणून लोक दुसरं घरात आणतात, आणि पहिलं तर बरं होतच नाही.

आधी डोक्याचं पाहू, कारण त्यात जीव जातो.

डोकं थंडीनं दुखते का शेगडीनं, हे घरीच कळते. घरातल्या एकाचंच दुखते का सगळ्यांचं? सोबत मळमळ, चक्कर, पायात जीव नसल्यासारखं वाटते का? अंगणात उन्हात अर्धा-एक तास बसलं की गोळी न घेता उतरते का? आणि ज्या रात्री शेगडी पेटवलीच नाही त्या सकाळी दुखलं होतं का? एका छताखाली झोपलेल्या माय-बाप-पोट्ट्यांचं सगळ्यांचं पित्त एकाच सकाळी वाढत नसते. आमच्याच गल्लीत एका घरी असंच चालू होतं, वहिनी वावरात गेल्या की नऊ-दहापर्यंत ठणठणीत, आणि घरी बसणारी म्हातारी मात्र दुपारपर्यंत डोकं बांधून, कारण तिची खाट शेगडीच्या शेजारी आणि ती बाहेर निघायचीच नाही. शेगडी बाहेर सपरीत (पडवीत) गेली अन् डोकेदुखी बंद.

कोळसा, लाकूड, गोवरी, पऱ्हाटी, काहीही जळताना हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. श्वासातून रक्तात गेला की तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट जोरानं चिकटतो, मग ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. आपल्याकडे पक्का समज असा की धूर निघून गेला, निखारे लालभडक झाले, आता शेगडी साफ झाली, आत नेली तरी चालते. उलट आहे बावा. धूर होता तोवर खोकला तरी येत होता, कोणीतरी उठून दार उघडत होतं. धूर संपला की इशारा देणारं काहीच राहत नाही, आणि वरून राख चढलेले निखारे आत धुमसत असतात तेव्हाच हा वायू भरपूर निघत राहतो. जागा माणूस निदान डोकं धरून बाहेर तरी येईल. झोपलेला तसाच झोपेतून बेशुद्धीत जातो.

यावर लोकांचे उपाय पण ठरलेले आहेत. शेगडीजवळ पाण्यानं भरलेला गंज ठेवतात, म्हणे गॅस पाण्यात जिरतो. हा वायू पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे तो गंज फक्त रात्री पायानं सांडायच्या कामाचा. कोणी म्हणते खिडकी बोटभर उघडी होती. बोटभर फटीवर झोपलेल्या पोरांचा जीव टांगू नका, वारा पडला की ती फट असून नसल्यासारखी. आणि ज्यांची चूल अन् झोपायची जागा एकाच खोलीत आहे, तिथं रात्री इंगळ राखेत दाबून ठेवायची जुनी सवय असते, सकाळी चूल लवकर पेटावी म्हणून. थंडीत दार-खिडक्या सगळं बंद, तेव्हा हे चार महिने ती सवय सोडा. जेवणं झाली की इंगळ घमेल्यात काढून बाहेर न्या, पाणी टाका, सकाळी काडीपेटीला एक काडी जास्त लागली तर लागली.

शेकायचं तर सपरीत शेका, अंगणात शेका, जेवल्यावर तासभर सगळ्यांनी मिळून बसा, गप्पा करा, मजा येते. झोपायला आत जाताना शेगडी आत येणार नाही, एवढाच नियम. आजकाल नव्या बांधकामात बाथरूममध्ये गॅस गिझर लावतात, त्याचंही हेच आहे, गिझर अन् सिलिंडर बाथरूमच्या बाहेर पाहिजे, आणि आंघोळ करता करता चक्कर आल्यासारखं वाटलं तर साबण बिबण राहू द्या, आधी दार उघडून बाहेर या.

सकाळी कोणी उठतच नसेल, किंवा उठून झोकांड्या खात असेल, तर आधी दारं-खिडक्या सताड उघडून त्याला मोकळ्या हवेत ओढा, मग १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणं, पाणी पाजणं यात वेळ घालवू नका, बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर काहीच टाकू नका. दवाखान्यात गेल्याबरोबर सांगा की खोलीत शेगडी होती. हे सांगणं फार गरजेचं, कारण बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर अशा वेळी फसवते, त्याला ऑक्सिजन चिकटलेलं रक्त अन् हा वायू चिकटलेलं रक्त यातला फरक कळत नाही, ते आपलं ९८ दाखवून मोकळं होते आणि घरचे म्हणतात, ऑक्सिजन तर बरोबर आहे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायलाच चार-पाच तास जातात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला की तेच काम तास-दीड तासात होते, म्हणून दवाखाना. घरात गर्भार बाई असेल तर तिला बरं वाटत असलं तरी न्या, पोटातल्या बाळाला जास्त बाधते.

आता मूळ दुखणं, थंडी.

आपल्याकडची थंडी कोरडी. समुद्र लांब, आभाळ मोकळं, उत्तरेकडून वारा सुटला की दिवसा २८ अंशाचं ऊन आणि रात्री १० च्या खाली. गोंदिया, नागपूर तर पेपरात रोज असतेच, २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होतं. हवामान खात्याच्या हिशोबानं मैदानी भागात पारा १० किंवा त्याखाली गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त उतरला की थंडीची लाट. मोकळ्या आभाळाची गोष्ट लक्षात ठेवा, घरात काय करायचं ते त्यावरच आहे. दिवसभर तापलेली जमीन, छत, भिंत रात्री आपली गरमी वर फेकत राहतात, ढग असले की ती अडते, नसले की सरळ निघून जाते. म्हणून मधेच दोन दिवस ढग आले की थंडी पळाल्यासारखी वाटते अन् लोक स्वेटर धुवायला टाकतात, आणि आभाळ साफ झालं त्या रात्री दात वाजतात.

अंगाचंही तेच. घरातली हवा गरम करायच्या मागं लागू नका, कवेलूच्या घरात तर ती टिकतच नाही, फटीफटीतून जाते. अंगाची गरमी कुठून निसटून राहिली ते पाहा.

बहुतेक वेळा ती खालून जाते. रात्री जाग आली की एक काम करा, हात बाजेच्या खालून घाला आणि पट्ट्यांच्या मधून गादीला लावून पाहा. गार लागेल, कधी कधी ओलसरही. वरून तीन ब्लँकेट अन् खालून दबून पापडासारखी झालेली गादी, असा प्रकार असतो. बाजेखालून हवा खेळते म्हणून उन्हाळ्यात ती बरी वाटते, हिवाळ्यात तीच हवा रात्रभर पाठीतली गरमी घेऊन जाते, आणि माणूस थंडी वाजते म्हणून वर चौथं पांघरूण ओढतो. वरचं एक काढा आणि खाली टाका. खरंच, आज रात्री एवढंच करून पाहा, कंबरेला लगेच फरक कळते. बाजेवर आधी कोरडे बारदान दोन पदरी, त्यावर जुनी गोधडी, मग गादी. बारदान नसेल तर किराणा दुकानातून खोके आणा, फाडून पुठ्ठा अंथरा, पुठ्ठ्यात हवा कोंडलेली असते, ती थंडी वर येऊ देत नाही. खाली फरशीवर झोपत असाल तर सगळ्यात खाली ताडपत्री किंवा प्लास्टिकचं पोतं, ओल येऊ नये म्हणून, आणि त्यावर हे सगळं. भंडारा-गोंदियाकडचे धानाची तणस पोत्यात भरून अंथरतात, ते सगळ्यात बेस्ट. आपल्याकडे सोयाबीनचं कुटार भरून पाहतात काही जण, पण ते टोचते आणि धूळ एवढी की दम्यावाल्यानं त्याच्या जवळ जाऊ नये.

पांघरुणात वजनापेक्षा हवा कामाची. एका जड ब्लँकेटपेक्षा दोन हलकी बरी, कारण मधे हवेचा थर राहतो. मऊ अंगाला लागून, गोधडी वरून. आणि कापसाच्या पट्ट्यात राहून आपण रजया कशा वापरतो पाहा, आत रुईचे गोळे झालेले, एका कोपऱ्यात सगळी रुई अन् मधे नुसतं कापड. उजेडासमोर धरली की आरपार दिसते. पिंजाऱ्याकडून पिंजून घेतली की तीच रजई पुन्हा फुगते आणि नवीन घ्यायचा खर्च वाचते. रोज नाही जमलं तरी दोन-चार दिवसांनी अंथरूण-पांघरूण अकरा ते तीनच्या उन्हात टाका, पण चार वाजायच्या आत उचला, सायंकाळी दव पकडलं की दुपारची मेहनत वाया.

बाज नीट केली, रजई चांगली आहे, तरी पांघरूण सकाळी वरून दमट? मग वर पाहा. टिनाचं छत असेल तर पहाटे टॉर्च मारा, आतल्या बाजूनं थेंब लोंबत असतात. पाऊस नाही, गळती नाही, आपल्याच श्वासाची वाफ आहे ती. टिन आभाळाकडे गरमी फेकून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते आणि त्यावर वाफ जमते, मग टपटप पांघरुणावर. ओली रजई कितीही जाड असो, थंडच. यावर लोक अजून घट्ट बंद करतात खोली, त्यानं वाफ अजून वाढते. टिनाच्या हातभर खाली बांबूचे तट्टे किंवा ताडपत्री बांधून दुसरं छत करा, मधली हवा टिनाची थंडी खाली येऊ देत नाही, आणि एका कडेला थोडा उतार दिला की थेंब भिंतीकडे जातात. जुन्या लुगड्यांचंही चालते, पण चुलीच्या, दिव्याच्या, बल्बच्या वर कापड अजिबात नको, एक ठिणगी पुरते. आणि तट्टे बांधायला सवड नसेल तर निदान बाज मधून हलवा, जिथं थेंब पडते तिथून बाजूला, हेही लोकांना सांगावं लागते.

वारा कुठून येते ते अगरबत्ती दाखवते. रात्री पंखा बंद करून अगरबत्ती लावा आणि दाराच्या चौकटीजवळून, खिडकीच्या कडांनी, कवेलू अन् भिंत मिळते तिथून हळूहळू फिरवा. धूर सरळ वर जाते तिथं काही नाही, जिथं आडवा पळते तिथं फट. बहुतेक दाराच्या खाली निघेल. जुनी साडी गुंडाळून लांब वळकटी करून दाराला लावून ठेवा, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबा. उशालगतची फट आधी बुजवा, पायाकडची नंतर. सगळीच बुजवून खोलीचा डबा करू नका, वर छताजवळ एखादी राहू द्या, माणसं श्वास घेतात आत.

पाय थंड असले की झोप लागत नाही. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी, झाकण घट्ट, वरून टॉवेल, आणि पायाशी. पाण्याच्या साध्या प्लास्टिक बाटलीत उकळतं पाणी टाकू नका, ती आकसते अन् अंथरुणात फुटते. शुगरवाल्यांच्या पायाला आणि लहान लेकरांच्या अंगाला बाटली लावायचीच नाही, अंथरूण आधी गरम करून काढून घ्या, शुगरवाल्याला चटका कळत नाही आणि सकाळी फोड दिसते. वावरातून आलेले मोजे घालून झोपू नका, घामानं ओले असतात, कोरडे वेगळे ठेवा. टाचा फुटल्या असतील तर झोपताना व्हॅसलीन अन् त्यावर मोजे, बस.

रूम हीटर घ्यायचा विचार असेल तर आधी घरची वायरिंग पाहा. २००० वॅटचा हीटर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो, आणि आपल्या घरी टीव्हीच्या बोर्डाला असते ते ६ अँपिअरचं सॉकेट, ते आधी गरम होते, मग पिवळं पडते, मग वास. १६ अँपिअरचा मोठा पॉईंट अन् जाड वायर असेल तरच लावा, पडद्या-पांघरुणापासून लांब, आणि झोपताना बंद. पाणी तापवायच्या रॉडनं तर दर हिवाळ्यात कुठं ना कुठं माणूस जातो. बटन बंद करायचं, पिन काढायची, मग बादलीत हात. बोट घालून पाणी तापलं का पाहायचं हे काम रॉड चालू असताना होतच नाही. लोखंडी बादली नको, आडवी काडी लाकडाची, पोरं जवळ नको, आणि ज्या घरी अर्थिंगच नाही त्यांनी रॉडचा नाद सोडून बंब पेटवावा. बंबाची ऊब पण मिळते, अंगणात.

म्हाताऱ्या माणसांचं वेगळं सांगतो, कारण त्यांना थंडी वाजते हे कधी कधी त्यांनाच कळत नाही. थंडीत नसा आकसतात, बीपी वाढते, हृदयावर जोर येतो, आणि तो सगळ्यात जास्त पहाटे. आपल्याकडे आबाजींना काकड्यापासून पहाटे उठायची सवय लागलेली असते, कार्तिक संपला तरी चारला उठून उघड्या अंगानं मोरीवर जातात. "मले काय थंडी नाय वाजत, तुमी पोट्टे नाजूक झाले" हे ठरलेलं वाक्य. वाद घालून उपयोग नाही, मी तर घालतच नाही. उठल्याबरोबर एकदम उभं न राहता बाजेवर पाच मिनिटं बसायचं, कानटोपी अन् स्वेटर उशाशीच ठेवायचं, आणि आंघोळ दहा-अकराला, ऊन अंगणात आलं की. पूजा तेव्हाही होते. रात्री लघवीला उठावं लागते म्हणून म्हातारी माणसं सायंकाळपासून पाणीच पीत नाहीत, ते नको, दिवसा कोमट पाणी पाजत राहा. बीपीची गोळी संपली तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. छातीत दाबल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, यातलं काही झालं तर ओवा-सोडा करत बसू नका, १०८.

घरात सिकलसेलचं कोणी असेल तर हिवाळा त्यांच्यासाठी जास्त धोक्याचा. आपल्या विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियापासून इकडे आपल्यापर्यंत, हा आजार किती घरांत आहे ते सगळ्यांना माहीत आहे. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचं मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालं, उपकेंद्रात तपासणी होते, झाली नसेल तर करून घ्या. थंडीनं नसा आकसतात, वाकड्या झालेल्या रक्तपेशी त्यात अडकतात आणि हाडं, पाठ, पोट दुखायला लागते. वरून हिवाळ्यात तहान लागत नाही, पाणी कमी पडलं की रक्त घट्ट होते, दुखणं अजून लवकर येते. म्हणून या पोरांना गार पाण्याची आंघोळ नाही, विहिरीत-नाल्यात उड्या नाहीत, कोमट पाणी दिवसभर, आणि रात्री ओलिताला तर पाठवूच नका. ताप आला, छाती दुखली, धाप लागली तर घरी शेक देत बसायचं नाही, त्याच वेळी दवाखाना.

नव्या बाळाचं एक सोपं तंत्र आशाताई शिकवतात. हाताची उलटी बाजू बाळाच्या पोटाला लावा, मग पायाच्या तळव्याला. दोन्ही गरम, मजेत आहे. पोट गरम अन् तळवे गार, बाळाला थंडी वाजून राहिली, लगेच उबेत घ्या. दोन्ही गार, मग धोका आहे, छातीला लावून, पांघरून, तसंच दवाखान्यात न्या. सगळ्यात चांगली ऊब मायच्या छातीची, कातडीला कातडी लावून, वरून शाल, डोक्याला टोपी. नाही मायला जमत तर बापानं घ्यावं, त्यात लाजायचं काय? बाजेखाली शेगडी ठेवून बाळ-बाळंतिणीला शेक द्यायची पद्धत अजून चालू आहे, तीही बंद खोलीत, ती मात्र बंद झालीच पाहिजे. पहिल्या दिवशी आंघोळ घालायची घाई पण करू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायचं काम उभं केलं, १९९९ ला ते लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात आलं, आणि त्यात बाळाला उबेत ठेवणं हे एक मोठं काम होतं. आशाताई घरी येते तेव्हा तिला चहा पाजून परत पाठवू नका, बाळ दाखवा.

राहिलं रात्रीचं ओलीत. चना, गहू, दोन्हीचं पाणी ऐन थंडीत, आणि विजेची लाईन एक आठवडा दिवसाची तर एक आठवडा रात्रीची. दिवसा लाईन द्या म्हणून आपण ओरडतो ते बरोबरच आहे, पण तोवर रात्री बारा-एकला गुडघाभर ओल्या पायानं दांड फोडत फिरायचं तर काही गोष्टी पक्क्या करा.

उपाशी पोटी निघू नका. अंगाला गरमी जेवणातूनच येते, ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्याची भाजी, जवसाची चटणी, वरून गूळ, असं दाबून जेवून निघालेला माणूस चहा-बिस्किटावाल्यापेक्षा लय वेळ टिकते. आणि दारू पिऊन थंडी पळते हा समज डोक्यातून काढा. कातडीखालच्या नसा फुलतात म्हणून गरम वाटते फक्त, आतली गरमी बाहेर निघून जात असते, त्यात झोप लागली बांधावर तर संपलं. गमबूट घाला, आत मोजे. कोरड्या कपड्यांचा एक जोड, टॉवेल अन् मोजे प्लास्टिकच्या थैलीत बांधून वावरातल्या खोपडीत (झोपडीत) टांगून ठेवा, पॅन्ट ओली झाली की लगेच बदला, सुती कपडा ओला झाला की तो अंगाची गरमी ओढून घेतो, लोकरीचा निदान थोडी धरून तरी ठेवतो. गाडीवर जाताना वारा जास्त मारते, १० अंशात चाळीसच्या स्पीडनं गेलं की अंगाला ६ अंशासारखं लागते, तेव्हा स्वेटरच्या आत छातीवर पेपरची घडी टाका अन् वरून रेनकोट चढवा, वारा अडला की अर्धी थंडी गेली. धुई असेल तर डिपर लावून हळू, पुढं कापसाची बैलगाडी लाईटशिवाय उभी असते कधी कधी.

ओल्या हातानं स्टार्टरला हात नको, पायाखाली कोरडी लाकडी पाटी ठेवा. शेकोटी पेटवायची तर कुटाराच्या ढिगापासून अन् उभ्या तुरीपासून लांब, पऱ्हाटीची ठिणगी वाऱ्यानं कुठल्या कुठं जाते. खोपडीत दार लावून शेकोटी, हे वर सांगितलेलंच प्रकरण आहे, खोपडी तर खोलीपेक्षाही लहान. आणि डुकरांसाठी कुंपणात सरळ लाईन सोडणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, रात्री ओलिताला फिरणारे शेजारीच त्यात जातात, गुन्हा आहे तो वेगळाच. झटका मशीन वेगळी अन् सरळ लाईन वेगळी.

एकट्यानं जाऊ नका, जोडी करा, आज तुमचं पाणी उद्या त्याचं. कारण थंडी अंगात भरली की पहिली अक्कल जाते. आधी माणूस थडथड कापते, तोवर ठीक आहे, हलवा, चहा पाजा, कपडे बदला. पण तो बोलताना अडखळायला लागला, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते, साधी गाठ सुटत नाही, चालताना तोल जाते, किंवा कापत होता तो एकाएकी कापायचा थांबला आणि म्हणते "आता बरं वाटते, थोडा पडतो", तर ते बरं नाही. अंगाचं तापमान ३५ च्या खाली गेल्याची ही लक्षणं आहेत. मोटर बंद करा, पाणी गेलं वाया तर जाऊ द्या. ओले कपडे काढा, कोरडं घाला, छाती-पोट-मान-डोकं आधी गुंडाळा, हातपाय चोळू नका, आगीच्या तोंडाशी बसवू नका, शुद्धीत असेल तर गोड गरम चहा घोट-घोट. गाडीवर मागं एकटा बसवून नेऊ नका, झोक जाईल, दोघांच्या मधे बसवा नाहीतर फोन करून घरून चारचाकी बोलवा, आणि बोलण्यात गडबड असेल तर घराकडे न वळता सरळ दवाखान्यात.